चार मिलिमीटर

खापा
५ सप्टेंबर २०२४

प्रिय वहिनी,

सप्रेम जयभीम.

तू माझा नंबर बंद केला आहेस म्हणून कागदावर लिहिते. दादा भाजीची गाडी कॉटन मार्केटात रिकामी करून तुझ्याकडे दवाखान्यात डबा आणतो, त्या पिशवीत डब्याच्या खाली हे ठेवलं आहे. तुला वाच म्हणून आग्रह करायचा नाही, असं त्याला सांगितलं आहे.

डब्यात मऊ भात आणि मुगाचं वरण आहे. रितूला कच्चं, उघड्यावरचं काही द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाल्या, म्हणून तांदूळ चार पाण्यांनी धुतले. डबा उकळत्या पाण्यात ठेवला आणि पुसला नाही, तसाच वाळवला. पुसायच्या फडक्यावर माझा विश्वास राहिला नाही. उघडताना हात धुऊन उघड. हे तुला सांगायची गरज नाही हे मला कळतं, तरी लिहिलं गेलं.

दादाने परवा रिपोर्टचा फोटो आणला. आपल्या घरात कागद वाचणारी मीच, म्हणून आई-बाबा समोर येऊन बसले. जसे बाबांच्या खाणीतल्या कागदांसाठी बसायचे, तसेच. मी नाव वाचलं. हेपॅटोब्लास्टोमा. बाबा म्हणाले, "म्हणजे काय होय वं ते?" मी सांगितलं, लहान लेकरांच्या यकृतात होणारी कॅन्सरची गाठ. फार थोड्यांना होते, वर्षाला दहा लाख लेकरांत एखाद-दोघांना. बाबा म्हणाले, "दहा लाखात आपलीच पोट्टी सापडली का त्याले?"

पुढे वाचवलं नाही. पण खाली एक ओळ होती, ती सांगते. वेळेआधी जन्मलेल्या, फार कमी वजनाच्या लेकरांत हा आजार थोडा जास्त दिसतो. आपली रितू साडेसात महिन्यांची, चौदाशे ग्रॅमची जन्मली होती. म्हणजे जे झालं त्याची सुरुवात कुणाच्या हातात नव्हती. तुझ्या तर नाहीच नाही. बाळंतपणाआधी तू शेतात गेलीस म्हणून असं झालं, असं आई एकदा म्हणाली होती, ते मनातून काढून टाक. मी तिला सांगितलं आहे.

सुरुवात कुणाच्या हातात नव्हती. उशीर मात्र माझ्यामुळे झाला.

मे महिन्यात रितूला न्हाऊ घालताना तू मला हाक मारलीस. "सोनू, हात लावून पाय न वं. उजव्या अंगाले टणक लागून राहिलं." मी हात लावला. मलाही लागलं. मी म्हटलं, जंत असतील. जूनमध्ये तू म्हणालीस, जेवत नाही. मी तुला कार्ड दाखवलं. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन मी दर महिन्याला अंगणवाडीच्या काट्यावर घेते आणि कार्डावर ठिपका देते. रितूचा ठिपका जन्मापासून कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात अडकला होता, तो एप्रिलमध्ये हिरव्यात गेला होता. जूनला नऊ किलो भरली तेव्हा मी नागपूरहून संत्रा बर्फी मागवून गल्लीत वाटली. जुलैत तू म्हणालीस, नागपूरले नेऊ. मी म्हटलं, "वजन वाढून राहिलं ना तिचं, मग काहून घाबरतं?"

तू नववीपर्यंत शिकलेली, मी बीए. म्हणून तू गप्प बसलीस.

ऑगस्टमध्ये तिला उलट्या झाल्या आणि सावनेरच्या डॉक्टरांनी पोटावर नुसता हात ठेवून नागपूरला पाठवलं. जे वाढत होतं ते वजन नव्हतं वहिनी.

तुझी
सोनिका


१३ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

डबा धुऊन परत आला. त्याच्या खाली पत्रही तसंच परत आलं, न उघडलेलं. मी जिथे डिंक लावला होता तिथेच होता.

रागावले नाही. तेच पत्र पुन्हा ठेवते आहे, हे नवीन त्याच्यासोबत. वरणात जिरं घातलं नाही, कारण मागच्या डब्यातलं जिरं तू बाजूला काढून ठेवलेलं दिसलं. तिच्या तोंडाला लागत असेल.

एवढंच.

सोनिका


२३ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

काल रविवारी मी नागपूरला प्रताप नगरात आले होते. तुला कळलं असेलच. किमोच्या दोन औषधांच्या मध्ये रितूला खाप्याला आणायचं नाही, ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठता आला पाहिजे, म्हणून तू तुझ्या यमुताई मावशींच्या वरच्या खोलीत राहतेस हे दादाने सांगितलं होतं. मी न विचारता आले. चूक झाली.

मावशी फाटकाशी आल्या. फाटक उघडलं नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "काय बाई, आज काटा नाही आणला? पोट्टीले मोजाले आली असशील ना?"

मी म्हटलं, "भेटायला नाही आले मावशी. फक्त कशी आहे ते विचारायला आले."

"कशी राहीन? सलाईनमधून औषध देते, चार दिवस उलट्या करते, मग जरा हसते. हसली की माही प्रीती रडते. झालं समाधान?"

मी निघाले, तर त्यांनीच थांबवलं. "थांब वं. उन्हाची आली. पाणी पे." स्टीलचा गिलास फाटकाच्या गजांमधून दिला. मी पिऊन परत केला. त्या म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाचं ऐकलं पोट्टीनं. माही बहीण असती जिती, तर तिनं तुह्या कार्डाले इचारलंच नसतं. उचलून नेलं असतं लेकराले."

मावशींचं खरं आहे. वर दोरीवर रितूचा पिवळा फ्रॉक वाळत होता. मार्चमध्ये मीच आणला होता तो. खिडकीचा पडदा हलला, पण तो पंख्याने हलला असेल.

आता येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन.

सोनिका


२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तीन डबे परत आले आणि पत्र आलं नाही. मी दादाला विचारलं, "पडलं तर नाही ना कुठे?" तो म्हणाला, "उशीखाली ठेवलं तिनं. मले नको विचारू." म्हणजे तू वाचतेस किंवा निदान ठेवतेस. म्हणून थोडं जास्त लिहिते.

रक्तातला तो आकडा, एएफपी, पहिल्यांदा चार लाख बारा हजार आला होता ना? पोटातलं बाळ आणि नुकतं जन्मलेलं बाळ ते प्रथिन स्वतःच तयार करतं, पण वर्षाच्या पुढे तो आकडा दहाच्या आत यायला पाहिजे. रितूची गाठ ते बनवत होती. म्हणून डॉक्टर औषधाआधी दर वेळी रक्त घेतात. दोन औषधांनंतर तो अठ्ठावन्न हजारांवर आल्याचं दादाने सांगितलं. बाबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण आता दादा घरी आला की पहिलं विचारतात, "एएफपी किती?" आणि मला कॅलेंडरवर लिहायला लावतात. तीन शून्यं असली की म्हणतात, "अजून लय आहे. उतरलं पाहिजे." या वर्षी ते दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले, तेव्हा गर्दीतून आल्यामुळे प्रताप नगरकडे वळले नाहीत. दोन किलोमीटरवर नात होती, तरी तिला काही लागू नये म्हणून तसेच परत आले. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिलं.

दादा म्हणाला, रितूचं वजन आठ किलोवर आलं म्हणून तू फार रडलीस. वहिनी, मी परवा त्याच्यासोबत दवाखान्यात गेले होते, तू रितूला घेऊन आत असताना. डॉक्टर मॅडमना बाहेर गाठून मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, गाठ लहान होते आहे, तिचं वजन कमी होणारच. लेकराचं किती गेलं आणि गाठीचं किती हे काट्याला कळत नाही. त्यांनी हेही सांगितलं की चार औषधांनंतर गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांपासून सुटली तर कापून काढता येते, आणि चांगलं यकृत परत वाढतं. फुप्फुसांत काही नाही, ही मोठी गोष्ट आहे म्हणाल्या.

मी विचारलं, "मॅडम, तीन महिने आधी आणलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून उत्तर देत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, तुम्हीच अंगणवाडीच्या का? मुलीचं कार्ड पाठवा. वजन, दंडाचा घेर, सगळं कोणत्या महिन्यात किती होतं ते मला पाहायचं आहे.

मी हो म्हटलं.

सोनिका


२८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

कार्ड दादाबरोबर पाठवलं. पाठवायला महिना लागला. मी सांगितलं की केंद्रात सापडत नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या खणातच होतं.

मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी दादाला कागदावर यकृत काढून दाखवलं, तो कागद त्याने आम्हाला दाखवला. उजवा भाग काढायचा, डावा ठेवायचा. आई म्हणाली, "अर्ध्यावर कशी जगीन वं ती?" मी सांगितलं, महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळसं भरून येतं. तिला पटलं नाही. ती बुद्धविहारात जाऊन बसली आहे. बाबांनी उद्यापासून दाढी करायची नाही असं ठरवलं आहे. का, हे विचारल्यावर म्हणाले, "मले काहीतरी करू तर दे."

रितूच्या आवडीची ती छोटी घंटी डब्याच्या पिशवीत ठेवली आहे. केंद्रात मी वाजवली की सगळ्यात आधी तीच वळायची.

सोनिका


११ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. दादा आल्याबरोबर डब्याचं झाकण उघडलं, तर आत घडी. मी ती इतक्या वेळा वाचली की आता न पाहता लिहू शकते:

"सोनू, गाठ पूर्ण निघाली म्हणते. चारशे तीस ग्रॅम भरली. मॅडम मले बोलल्या का कार्डावर वजन बी बरोबर होतं अन् दंड बी बरोबर होता, असं असल्यावर कोणालेच समजलं नसतं. मी तुले लय बोलली. मावशीनं बी बोललं. तुह्यी काही चूक नाही. रविवारी ये. रितू आत्या म्हणून राहिली."

मी बाबांना वाचून दाखवलं. आई शेजारच्या अंजनाबाईंना सांगायला पळत गेली, चप्पल न घालता.

रविवारी येते. सकाळच्या बसने.

सोनू


१४ डिसेंबर, शनिवार

प्रिय वहिनी,

उद्या मी येत नाही. आधी हे वाच. वाचल्यावर तू म्हणालीस तर येईन.

या पाकिटात दंड मोजायची पट्टी आहे. रितूला ती फार आवडायची, मनगटाला बांगडीसारखी गुंडाळायची, म्हणून तुला ओळखू येईल. लेकराच्या डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळं, त्याच्या वर हिरवं. वजन काट्यावर कळतं, पण दंड हा लेकराच्या अंगावर खरोखर मांस किती आहे ते सांगतो. पोट फुगलं असलं, अंगावर सूज असली, तर काटा फसतो. दंड फसत नाही. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून.

जूनमध्ये रितूचं वजन नऊ किलो भरलं आणि दंड बारा पूर्णांक दोन आला. पिवळा. मेमध्ये बारा सात होता.

मला वाटलं मी पट्टी आवळली. आवळली तर कमी येतो, हेही शिकवलेलं. पुन्हा मोजला. पुन्हा बारा दोन. मदतनीस देवकाबाई मागे उभी होती. ती हसून म्हणाली, "बापा! बाईच्या घरची पोट्टी पिवळी!" ती सहज म्हणाली. पण मला सगळं गाव हसताना दिसलं. लोकांच्या पोराईले शिकवते आणि घरची पिवळी. वजन हिरवं, दंड पिवळा, असं कार्ड मला घाणेरडं वाटलं. माझ्या रजिस्टरात कधी खाडाखोड नसते, तुला माहीत आहे. बर्फी तर मी आधीच सांगून ठेवली होती.

तिसऱ्यांदा मी पट्टी सैल धरली. बारा सहा. तो आकडा मी लिहिला.

चार मिलिमीटर. बोटाच्या नखाच्या अर्ध्याहून कमी.

आणि वहिनी, जुलैत मी पट्टी काढलीच नाही. मला मोजायची भीती वाटली. मागचाच आकडा उतरवला. त्याच आठवड्यात तू म्हणालीस, नागपूरले नेऊ.

डॉक्टर मॅडम ज्या कार्डाकडे बघून म्हणाल्या की कोणालाच समजलं नसतं, त्या कार्डावरचा दंड खोटा आहे. तू ज्यावरून मला माफ केलंस तेही तेच. मला समजलं असतं. मला समजलं होतं, आणि मी पट्टी सैल केली.

चार दिवस मी विचार करत होते की न सांगता येऊन जावं. रितूला एकदा मांडीवर घ्यावं आणि मग सांगावं. पण मग ते मांडीवर घेणं चोरीचं झालं असतं.

पट्टीवर बारा दोनला निळ्या पेनाने रेघ मारली आहे. ती खरी. डॉक्टर मॅडमनाही वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यांची नोंद चुकीची राहू नये म्हणून. दादाला अजून सांगितलं नाही. पिशवी तुझ्या हाती गेली की सांगेन.

सोनिका


काटोलच्या पत्त्यावर, पोस्टाने
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

दोन महिने लिहिलं नाही. डबा तू बंद करायला सांगितलास, त्यामुळे पिशवीही नव्हती. पण कुणी सांगितलं नाही म्हणून तुला माहीत नसेल, असं काही उरायला नको, म्हणून लिहिते.

त्या दिवशी दादा परत आला आणि गाडीतून उतरलाच नाही. काचेतून म्हणाला, "काय लिहिलं वं तुनं? वाचलं अन् भिंतीकडे तोंड करून बसली ते बसलीच." मी त्याला तिथेच, दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. त्याने स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. म्हणाला, "मले कायले सांगतलं, सोनू? मी तर रोज तुह्या हातचं जेवतो." त्यानंतर तो आठ दिवस अंजनाबाईंकडे जेवला. मग एक दिवस येऊन ताटावर बसला.

सुपरवायझर मॅडमना मी जून आणि जुलैच्या नोंदी चुकीच्या आहेत असं लेखी दिलं. त्यांनी मला समोर बसवलं. "एका आकड्यासाठी कोणी स्वतःहून कागद देते का गं? आता मला तो पुढे पाठवावा लागेल." पाठवा म्हटलं. खुलासा मागवला आहे. मी दिला.

आता प्रत्येक लेकराचा दंड मी तीनदा मोजते आणि तीनही आकडे लिहिते. पोटाला हात लावते. पाच लेकरांना सावनेरला पाठवलं. चौघांना काही नव्हतं, एकाला जंत. आया वैतागल्या. रुपरावांची सून मला "पोट दाबणारी बाई" म्हणते. म्हणू दे.

जानेवारीच्या अखेरीस रितूची औषधं संपली, एएफपी सहा आला, हे दादाने बाबांना सांगितलं. मी आतल्या खोलीत होते. बाबांनी स्वतः कॅलेंडरवर सहा काढला. उलटा काढला, तरी ओळखू येतो. मग त्यांनी दाढी केली.

तू दवाखान्यातून खाप्याला न येता काटोलला तुझ्या बाबांकडे गेलीस, ते बरोबर केलंस. तिकडे आता संत्र्यांचे दिवस असतील. रितूला सोलून, पांढरं काढून, उकळलेल्या पाण्याने धुतलेल्या हातांनी दे. आणखी एक. दादा म्हणाला, ती कुकरच्या शिटीला दचकत नाही, घंटीला वळत नाही. औषधाने बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं, डॉक्टर मॅडमनी आधीच सांगितलं होतं. कानाची तपासणी पुढे ढकलू नकोस. लहानपणीच यंत्र लावलं तर बोलणं मागे पडत नाही. हे मी चारदा खात्री करून लिहिते आहे. तरीही माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मॅडमना विचार.

काल तिचं नाव माझ्या रजिस्टरातून कमी करावं लागलं. काटोलच्या केंद्रात नोंद झाली की इथली बंद होते. शेऱ्याच्या रकान्यात "स्थलांतरित" लिहायचं असतं. मी लिहिलं. गेल्या तीन वर्षांत तो शब्द मी पुष्कळ वेळा लिहिला आहे, वीटभट्टीवाल्यांच्या लेकरांसाठी. शेवटचं वजन, शेवटचा दंड हे रकाने रिकामे ठेवले. मला माहीत नव्हते.

उत्तर नको.

सोनिका


सावनेर बसस्थानक
२० एप्रिल २०२५, रविवार

वहिनी,

दादा दुपारी काटोलहून आला आणि बंद पाकीट माझ्या हातात दिलं. "सोनूले दे म्हणाली. मले काही सांगतलं नाही," म्हणाला. आत पट्टी होती. तीच.

माझ्या निळ्या रेघेशिवाय तिच्यावर आता पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला तुझ्या अक्षरात महिना. फेब्रुवारी, तेरा एक. मार्च, तेरा तीन. एप्रिलची रेघ माझ्या निळ्या रेघेला चिकटून आहे. बारा तीन. मागे बारीक अक्षरात तू लिहिलं आहेस: "वजन तेच आहे. पोट मऊ आहे. सगळे म्हणते उन्हाळ्यानं उतरली. मी सैल नाही धरली. तीनदा मोजली. ये."

म्हणजे तू दर महिन्याला स्वतः मोजत होतीस. माझ्याच पट्टीने.

मी दवाखान्यात फोन केला. रितूची तारीख पाच मेची आहे. मी म्हटलं, तेवढं थांबायचं नाही, आईने दंड मोजला आहे, एका महिन्यात एक सेंटीमीटर उतरला. पलीकडच्या सिस्टर म्हणाल्या, वजन? मी म्हटलं, वजनाचं विचारू नका. त्यांनी मॅडमना विचारून उद्या सकाळी नऊला बोलावलं आहे. रक्त आणि छातीचा फोटो उद्याच. दादा भाजी न भरता रिकामी गाडी घेऊन पहाटे काटोलला येतो आहे. बाबांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिलं, मॅडमना दाखवायला. आम्ही नको म्हटलं नाही.

तुला फोन केला नाही. लागेल की नाही हे माहीत नव्हतं. पण खरं कारण ते नाही. तुझा आवाज ऐकला की मी म्हणेन, उन्हाळा आहे, काही नसेल. माझ्या तोंडून ते आपोआप निघेल, आणि तू पुन्हा गप्प बसशील, याची मला भीती वाटते. म्हणून इथे बाकावर बसून हे लिहिते आहे. भेटल्यावर मी बोलण्याआधी तू हे वाच.

काही नसेल, असं मी म्हणणार नाही. काही असेल, असंही मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच, माहीत नाही म्हणून उत्तर देत नाही. परत आलं असेल तर लवकर सापडलेलं असेल, आणि ते तू शोधलेलं असेल. एवढंच मला खात्रीने म्हणता येतं.

तू म्हणशील, आता तू एकदा मोज. मी मोजणार नाही वहिनी. तुझी रेघ खरी आहे. मी तिला फक्त मांडीवर घेईन, जर तू दिलीस तर. हाक मारणार नाही, मागून तिला ऐकू येत नसेल. समोर येऊन बसेन, म्हणजे ती मला बघेल.

साडेतीनची काटोलची बस लागली आहे. हे पत्र पेटीत टाकत नाही. तुझ्या हातात देते.

सोनू